वासाचं बोलायचं नाही

२९ ऑक्टोबर १९९८

मुकुंद आज पुन्हा ताट उचलून ओसरीवर गेला. विचारलं, का? तर म्हणे, ‘अक्का, वास येऊ राह्यला.’ कसला? ‘युरियाचा.’

बेचाळीस वर्षांचा माणूस. दिवसभर भुजंगरावांच्या खताच्या दुकानात युरियाच्या थप्प्यांना पाठ लावून बसतो आणि संध्याकाळी येऊन मला सांगतो, घरात युरियाचा वास आहे. म्हटलं, तुझ्याच कपड्यांना येतोय. उद्यापासून कपडे मोरीत टाकायचे, अंग धुवायचं, मगच आत यायचं. ‘कपड्यांचा वेगळा,’ म्हणाला. पुढचं मी ऐकून घेतलं नाही. ऐकत बसलं तर रोज एक नवं निघतं.

३० ऑक्टोबर

रोज एक नवं म्हणजे काय, ते एकदा लिहूनच ठेवते. ट्यूबलाइट ‘ओरडते’ — म्हणून त्याच्या खोलीत पिवळा बल्ब. सदऱ्याच्या कॉलरची चिठ्ठी टोचते — नवा सदरा आला की आधी ब्लेड. कुकरची शिट्टी व्हायच्या आत हा गल्लीत. झुंबरबाई तवा घासायला बसली की कानांवर हात. ती कित्येक वर्षं आमच्याकडे भांडी करते, तिला आता काही वाटत नाही. ‘बाई, दादाच्या कानाला दारच बसवलं न्हाई देवानं,’ म्हणते.

आणि विसरणं! काल कोथिंबीर आणायला पाठवला. अंधार पडल्यावर आला — कोथिंबीर नाही, सायकलही नाही. वाटेत एका दुकानात कुणाचा तरी रेडिओ उघडलेला दिसला, तिथंच मांडी घालून बसला. रेडिओ चालू करून दिला. सायकल त्या दुकानाशी राहिली.

मधल्या खोलीची भिंत गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून अर्धी पांढरी, अर्धी पिवळी आहे. चुना कालवला, अर्धी केली, कशाला तरी उठला तो उठलाच. मी मुद्दाम तशीच ठेवली — येता-जाता त्याला दिसावी म्हणून. त्याला दिसत नाही. मलाच दिसते.

४ नोव्हेंबर

माझी एक जुनी विद्यार्थिनी माहेरी आली होती, भेटून गेली. औरंगाबादला मनाच्या आजारांची डॉक्टर आहे. वर्गात फार बडबडी, आता मोजकं बोलते. चहा होईपर्यंत मुकुंदशी बोलत बसली. मी आतून ऐकत होते. शाळेत कसं व्हायचं, कुणी अंगाला हात लावला तर काय होतं, चार माणसं एकदम बोलली तर कुणाचं ऐकू येतं — असले प्रश्न. तो घडाघडा सांगत होता. माझ्यापुढं तोंड उघडत नाही.

जाताना दारात म्हणाली, ‘बाई, मुकुंदमामांचा हा आळस नाही, हट्टही नाही. जन्मापासूनचं आहे. लक्ष एका जागी धरता येत नाही, आणि कान, नाक, कातडी तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त जागी असतात. अटेंशन डेफिसिट म्हणतात त्याला. मुलांमध्ये आता ओळखायला लागलेत. मोठ्या माणसांकडं कुणी बघत नाही.’

म्हटलं, मोठ्या माणसांत त्याला बेशिस्त म्हणतात.

ती हसली नाही. ‘एवढंच लक्षात ठेवा. ते सांगतात ते खोटं नसतं. त्यांना खरंच तसं जाणवतं.’

जाणवत असेल. मलाही गुडघे जाणवायचे. पण मुख्याध्यापिका असताना प्रार्थनेला मी कधी खुर्ची मागितली नाही.

१३ नोव्हेंबर

भुजंगराव स्वतः घरी आले तेव्हाच समजले.

‘बाई, राग मानू नका. माणूस सोन्यासारखा. पण दुकानात बसवायचा न्हाई.’

काय केलं त्यानं?

‘परवा ट्रक खाली होऊ राह्यला होता. हमालांचा गलका, वरून फोन वाजू राह्यला. हे उठले, दुकान उघडं टाकून गेले. पोरगं शोधायला गेलं तर मागच्या बोळीत भिंतीकडं तोंड करून उभे. बरं, ते सोडलं. काल बदनापूरचं गिऱ्हाईक आल्तं, जुनं. त्याला तोंडावर म्हणले, जरा लांब उभे राहा, दारूचा वास येऊ राह्यला.’

मी विचारलं, येत होता का?

‘येत होता की! सकाळीच टाकून आल्ता तो. पण बाई, म्हणायचं असतं का?’

नाही. म्हणायचं नसतं. आई गेल्यापासून मी त्याला दुसरं काय शिकवते आहे?

भुजंगराव गेल्यावर मुकुंद बाहेर आला. ‘बरं झालं. तिथं लई आवाज होता.’

छापखाना झाला, पतसंस्था झाली, एमआयडीसीतली बियाण्यांची कंपनी झाली, आता हे. सरोजिनीबाईंचा भाऊ म्हणून कुणीतरी ठेवून घेतं. मग कुणीतरी घरी येऊन सांगतं, राग मानू नका. मी त्यांना चहा करून देते.

एक मात्र होईल. खताचं दुकान सुटलं, आता वासाची तक्रार तरी सुटेल.

२१ नोव्हेंबर

सुटली नाही. त्याचे सगळे कपडे सोड्यात उकळले. मोरीत फिनाइल ओतलं. गाद्या उन्हात टाकल्या. उंदीर मेला असेल म्हणून झुंबरबाईला घेऊन कोठीची खोली सबंध रिकामी केली. उंदीर नाही, काही नाही. झुंबरबाई म्हणाली, ‘मला तर कसलाच वास येईना, बाई. आता फिनाइलचा तेवढा येऊ राह्यला.’

मुकुंदला उभं केलं. म्हटलं, दाखव, कुठून येतो?

तो दोन पावलं मागं सरकला. मग म्हणाला, ‘तू बोलतीस तवा जास्त येतो.’

मी काय काय ऐकून घेतलं आहे आयुष्यात — संस्थेच्या अध्यक्षांचं, पालकांचं. पण हे! मी बोलते तेव्हा जास्त येतो. म्हणजे माझं बोलणंच नकोय. सरळ सांगायची हिंमत नाही, म्हणून वासावर ढकलायचं.

म्हटलं, मी बोलायची थांबले तर तुझं काय होईल, ते बघायला मी नसेन.

तो ओसरीवर जाऊन बसला. त्याच्या हातात चिंचोका असतो नेहमी, बोटांत फिरवत राहतो. फिरवून फिरवून आरशासारखा झाला आहे.

२२ नोव्हेंबर

आज त्याच्याशी बोलले नाही. त्याला काही फरक पडला नसावा.

२६ नोव्हेंबर

संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतलेला दिसला. निवृत्तीनंतर अंग सुटतं म्हणतात, ते हेच. उद्यापासून पहाटे फिरायला जायचं.

माझ्यामागं याचं कोण, हा विचार पूर्वी रात्री यायचा. आता दिवसाही येतो. एकटा राहिला तर गॅस चालू ठेवून रेडिओ उघडून बसेल. दोन दिवस जेवला नाही तर त्याला आठवणारही नाही. शेजारी चार दिवस बघतील, मग बोलायला लागतील.

२९ नोव्हेंबर

शहागडहून गिरिधरराव आले. लांबचे आप्त. त्यांची पुतणी रमा, अडतिशीची. आई-बापाचं आजारपण काढण्यात वय गेलं. आता ते दोघंही नाहीत, ती यांच्याकडे असते.

‘बराबर जोडी होईल, ताई. तिला घर मिळंल, मुकुंदाला माणूस मिळंल. आमची काई अपेक्षा न्हाई. पौष लागायच्या आत एकदा बघून जा.’

नोकरीचं मी स्पष्ट सांगितलं — सध्या नाही. घर आमचं आहे, माझी पेन्शन आहे. ते मान हलवत होते. बाकीचं सांगितलं नाही. काय सांगायचं? याच्या कानाला दार नाही? मुलगा अबोल आहे, म्हटलं.

मुकुंदला रात्री विचारलं. चिंचोका फिरवत राहिला. ‘ती घरात राहील?’ राहील. ‘रोज?’ रोज. ‘लई बोलती का?’ मला काय माहीत! मग म्हणाला, ‘तुला पाहिजे तर कर.’ मला पाहिजे. मला दुसरं काहीच नको आहे.

२ डिसेंबर

नियम घालून दिले. तीनच. चारचौघांत कानांवर हात न्यायचा नाही. बोलणं पुरं होईपर्यंत उठायचं नाही. वासाचं बोलायचं नाही.

त्याच्याकडून म्हणवून घेतले. पहिले दोन सरळ म्हटले. तिसऱ्याला अडला.

‘आला तरी?’

आला तरी.

‘लई आला तरी?’

लई आला तरी.

‘घरातला पण?’

घरातला आधी.

म्हटला एकदाचा. मी आणखी दोनदा म्हणवून घेतला.

६ डिसेंबर

रोज संध्याकाळी सराव. मी गिरिधरराव होते, झुंबरबाई नवरीची मावशी. तिला भलताच हुरूप. पदर खोचून पाटावर बसते.

‘काय जावईबापू, कामधंदा काय करता?’

‘न्हाई करत.’

‘मंग खाता काय?’

‘अक्काचं डोकं.’

झुंबरबाई लोळायची बाकी राहिली. मलाही हसू आलं. पण तिथं असलं उत्तर देऊ नको, म्हटलं. ‘मंग काय खातो म्हणू?’ असं विचारत होता — गंभीरपणे.

नंतर झुंबरबाईला परातीवर पळी वाजवायला लावली. लग्न म्हटलं की बँड आला, मंगलाष्टकं आली, चारजण एकदम हाका मारणार. तो बसला. कपाळावर घाम. मूठ आवळलेली, आत चिंचोका. कानांकडं हात गेला नाही. परात थांबल्यावर उठून मोरीत गेला आणि ओकला.

ओकायला बोलणं पुरं झाल्यावर गेला. नियमात बसतं.

९ डिसेंबर

झुंबरबाईची मेथीची भाजी मला कशी लागली — तांब्याचा पैसा जिभेवर धरावा तशी. तिला बोलले. ‘रोजच्यासारखीच हाये, बाई,’ म्हणाली. मुकुंदला विचारलं तर तो म्हणाला, चांगली आहे. दोघं एक झाले आहेत.

अंगाला खाज सुटते. साबण बदलला.

१३ डिसेंबर

शहागडला जाऊन आलो. बीडच्या गाडीत गर्दी नव्हती. माझ्या शेजारची जागा रिकामी, तरी मुकुंद पुढं जाऊन ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीशी बसला. हल्ली असंच करतो. कंडक्टरनं मला विचारलं, ‘बाई, एकट्याच का?’

गिरिधररावांचं घर रस्त्याला लागूनच. ट्रक गेला की भांड्यांची मांडणी थरथरते. मी मुकुंदकडे बघत होते. मूठ मांडीवर, नजर जमिनीवर. पोहे आले, चहा आला, बाहेर दोन ट्रक हॉर्नवर हॉर्न देत थांबले. तो हलला नाही. मी पुरुषाची इतकी मोठी परीक्षा कधी बघितली नव्हती, आणि बघणारी मी एकटीच.

रमा उंच, हाताला कामाचे घट्टे. डोक्यावरचा पदर सावरत नाही, त्यात वेळ घालवत नाही. आवडली मला. तिनंच विचारलं, ‘तुम्ही काही बोलत नाही?’

मुकुंद म्हणाला, ‘अक्कानं सांगितलंय.’

सगळे हसले. गिरिधरराव मोठ्यानं. त्यांना वाटलं, विनोद केला. रमा मात्र त्याच्या मुठीकडं बघत होती.

ठरलं. मुलांच्या परीक्षा उरकल्या की वैशाखात. येताना मी मुकुंदला म्हटलं, शाबास. शाळेत शाबास मी फार मोजून दिली आहे. तो पुढच्या सीटवर होता, ऐकू गेलं नसेल.

१ जानेवारी १९९९

महिना झाला, वासाचं एकदाही बोलला नाही. ताट घेऊन ओसरीवर जातो, पण तक्रार नाही. डॉक्टरीणबाईंना दाखवायला हवं. जन्मापासूनचं आहे म्हणत होती. शिस्त लावली की लागते. वेळ लागतो एवढंच.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ द्यायला शाळेतल्या जुन्या बाया आल्या होत्या. एकीनं विचारलं, ‘चेहरा सुजल्यासारखा का वाटतो?’ झोप नाही, म्हटलं. खरंच नाही. आडवं झालं की दम लागतो, उशाशी दोन उशा घेते. सकाळी मळमळतं. पित्त.

मुकुंद तिळगूळ घेताना हात लांब करून घेतो, मान एका बाजूला वळवून. मी बघितलं. काही बोलला नाही, मीही बोलले नाही.

वैशाख होऊन जाऊ दे. मग एकदा सगळं तपासून घेईन.

२६ जानेवारी

शाळेनं झेंडावंदनाला बोलावलं होतं. मुकुंदला मुद्दाम नेलं. मुलींचं बँडपथक असतं, लग्नाआधी खऱ्या बँडचा सराव होईल. त्याला फाटकापाशी उभं केलं आणि मी पायऱ्या चढले.

अर्ध्या पायऱ्यांवर श्वास संपला. दुसरा शब्द नाही. हवा होती, आत येत नव्हती. मी खाली बसले. इतक्या मुलींच्या देखत, पायरीवर, पाय पसरून. ढोल चालू होते. मुख्याध्यापिकेला — नव्या — काय करावं सुचेना.

मुकुंद धावत आला. ढोलांच्या मधून. त्यानं मला उचललं. ज्या माणसाला कुणी खांद्याला खांदा लावलेला चालत नाही, त्यानं. तोंड माझ्या तोंडापाशी आलं तेव्हा त्यानं डोळे गच्च मिटले. मला वाटलं, ढोलांमुळं.

२७ जानेवारी

इथल्या डॉक्टरांनी रक्तदाब दोनदा मोजला, मग तिसऱ्यांदा. रक्त घेतलं. संध्याकाळी माणूस पाठवून सांगितलं — उद्याच औरंगाबादला जा.

३० जानेवारी

दवाखान्यातून लिहिते आहे. मानेत नळी आहे, वाकता येत नाही. अक्षर वाकडं येतंय.

डॉक्टर तरुण आहेत. परवा तपासायला वाकले आणि क्षणभर तसेच थांबले. म्हणाले, ‘घरात कुणी सांगितलं नाही? श्वासाला वास येतोय. अमोनियासारखा, म्हणजे खताच्या पोत्याला येतो ना, तसा. मूत्रपिंडं काम करेनाशी झाली की जे बाहेर जायचं ते रक्तात साठतं, श्वासातून येतं. ज्याचा त्याला कळत नाही. जवळच्याला कधी कधी कळतो.’

खताच्या पोत्याचा.

‘कधीपासून येतोय?’

मी म्हटलं, मला माहीत नाही.

डॉक्टर मुकुंदकडे वळले. ‘तुम्ही घरात असता ना? तुम्हाला आला होता?’

मुकुंद खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्यानं डॉक्टरांकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. तो माझ्याकडंच बघत होता. मूठ आवळलेली.

मला समजायला वेळ लागला. तो परवानगी मागत होता.

म्हटलं, सांग.

‘नवरात्रापासून,’ म्हणाला. ‘आधी थोडा. दिवाळीत लई. आता सगळीकडं हाये.’

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मी विचारलं, तेव्हा आले असते तर? ते म्हणाले, ‘पूर्ण बरं नसतं झालं. औषधांवर वर्ष-दोन वर्षं नक्की निघाली असती. आता डायलिसिस. आठवड्यातून दोनदा.’ पुढं किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

मुकुंदला मात्र विचारलं — खाटेजवळ दुसरं कुणी नव्हतं तेव्हा. डिसेंबरपासून का बोलला नाहीस?

‘घरातला आधी, म्हणालीस तू.’

रागानं नाही बोलला. पाढा म्हणावा तसं म्हणाला.

३१ जानेवारी

काही लिहायचं नाही.

६ फेब्रुवारी

परवा जालन्याला परत आलो. झुंबरबाई दारात उभी राहून रडली. तिला कामाला लावलं.

नवा नियम. जुने तिन्ही रद्द. वास आला की सांगायचं — माझा, गॅसचा, कुणाचाही. मुकुंद म्हणाला, ‘गिऱ्हाइकाचा पण?’ म्हटलं, आता गिऱ्हाईक कुठलं!

त्याच्यासाठी हे सोपं नाही. दोन दिवस बघते आहे — सांगायला तोंड उघडतो, माझ्याकडं बघतो, मिटतो. जे इतकं घट्ट बसवलं, ते एका वाक्यानं निघत नाही. परात मी वाजवायला लावली होती.

१२ फेब्रुवारी

दर मंगळवारी आणि शुक्रवारी औरंगाबाद. मशीनवर चार तास. यंत्राची घरघर, मध्येच कर्णकर्कश भोंगा. मुकुंद बाहेर बाकावर बसू शकतो, पण आत येऊन बसतो. उठून जातो, परत येतो, पुन्हा जातो. नर्स म्हणाली, ‘मामा, एका जागी बसा ना.’ म्हटलं, राहू द्या. ते तसंच बसतात.

आज परतीच्या गाडीत तो माझ्या शेजारी बसला. मी खिडकीशी, तो शेजारी. करमाड गेलं तरी उठला नाही. बदनापूरला कुणीतरी जागा मागितली तर सरकून माझ्या अंगाला टेकला.

‘कमी झालाय,’ म्हणाला. न विचारता.

जालना येईपर्यंत मी हलले नाही.

२१ फेब्रुवारी

गिरिधरराव आणि रमा भेटायला आले. मीच बोलावलं होतं. लपवून लग्न लावायचं नाही, ठरवलं होतं.

सगळं सांगितलं. माझं आधी. मग मुकुंदचं — आवाज, वास, विसरणं, सुटलेल्या नोकऱ्या, तो सराव, परात. माझ्या विद्यार्थिनीनं सांगितलेलं नावही सांगितलं. गिरिधरराव टोपी काढून मांडीवर ठेवून बसले. ‘ताई, हे तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं,’ म्हणाले. पाहिजे होतं.

रमा उठून मधल्या खोलीत गेली. मी म्हटलं, संपलं. तर तिथून तिचा आवाज — ‘ही भिंत अशी का?’

मुकुंद म्हणाला, ‘राहिली.’

‘उरलेली कधी करणार?’

‘सांगता येत न्हाई.’

‘खरं बोललात.’ मग बाहेर आली. काकांसमोर मला म्हणाली, ‘त्या दिवशी ते मुठीत काहीतरी दाबून बसले होते. ट्रक गेला की जास्त दाबायचे. मला वाटलं, यांना माझ्याइतकाच हा रस्ता नकोसा झालाय. काकांकडं मी दहाजणांचं करते, आई-बापांचं केलं. इथं दोघांचं करीन.’

‘दोघांचं म्हणजे एकाचंच,’ मी म्हटलं. कुणीतरी म्हणायला हवंच होतं.

तिनं मान खाली घातली नाही. ‘तोवर दोघांचं.’

गिरिधररावांनी पाणी मागितलं. मग ते म्हणाले, ‘मंग वैशाखच धरायचा ना, ताई?’ डॉक्टर म्हणत होते, मशीन लागू पडलंय, रक्त सुधारतंय. म्हटलं, वैशाख. बँड नाही, चार माणसं, देवासमोर.

जाताना रमा आणि मुकुंद ओसरीवर उभे होते, हातभर अंतर ठेवून. ती काही विचारत होती. त्यानं चिंचोका तिच्या तळहातावर ठेवला, बघू दिला, परत घेतला.

२ मार्च

होळी. गल्लीतली पोरं डबे बडवत होती. मुकुंदनं कानांवर हात धरले आणि माझ्याकडं पाहिलं. म्हटलं, धर.

५ मार्च

डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट मागच्यापेक्षा चांगला आहे, काळजीचं काही नाही.

परतीच्या गाडीत मुकुंद शेजारी बसला. बदनापूर यायच्या आत उठला आणि पुढं, ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीशी गेला. उतरल्यावर विचारलं. माझ्याकडं बघत राहिला. सांग, म्हटलं.

‘आला.’

घरी यायच्या आधी स्टँडवरूनच शहागडला फोन केला. वैशाख नको. याच आठवड्यात.